बरणी १९१५ ची, पिन कोड सहा आकडी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : अँटिक म्हणून विकलेली चिनी मातीची बरणी परत घेऊन रु. ११,८०० परत मिळण्याबाबत

महोदय,

मी शहापूर, बेळगाव येथे राहते. आमच्या जुन्या घराची डागडुजी झाली, सोप्यातला कोनाडा मोकळा झाला, म्हणून आपल्या संकेतस्थळावरून एक बरणी मागवली. वर तपकिरी, खाली साईच्या रंगाची. वर्णनात लिहिले होते, ‘अस्सल अँटिक, १९१५ च्या आसपासची, ब्रह्मदेशातून आलेली मर्तबान.’

बरणी आली तेव्हा झाकणाचा टवका उडालेला होता. खानापूरहून पेंढ्यात बांधलेल्या कुंड्या टेम्पोतूनसुद्धा आमच्याकडे धड पोचतात, पण ते असो. टवक्याची तक्रार मी करत नाही.

बुडाला काळपट मळ होता. सासूबाई म्हणाल्या, “आधी गरम पाण्यानं धू बघू, कुणी काय घातलेलं असतंय की.” धुतली. पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि मळाखालून कारखान्याचा शिक्का वर आला : ‘५ लिटर’, आणि पत्त्याच्या शेवटी ३६३ ने सुरू होणारा सहा आकडी पिन कोड.

आपल्या देशात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. १९१५ साली तो कुणा कारागिराच्या स्वप्नात आला असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ३६३ म्हणजे सौराष्ट्र. मर्तबान हा शब्द ब्रह्मदेशातल्या बंदराच्या नावावरून आला हे खरे, पण म्हणून प्रत्येक बरणी तिथली होत नाही.

साईच्या रंगाच्या भागावर बारीक रेघांचे जाळे आहे, त्याबद्दलही माझे काही म्हणणे नाही. भट्टीतून निघाल्यावर झिलई आणि आतली माती सारखी आक्रसली नाही की अशा रेघा पडतात, त्या नव्या भांड्यावरही पडू शकतात. आमचा आक्षेप आहे तो त्या रेघांत चोळलेल्या रंगाला. अर्धा रंग फडक्यावर आला. बुडाची बिनझिलईची कड तर हाताला खरखरीत लागते. सासूबाईंची बरणी १९६८ सालची, त्यांच्या लग्नातली. दर उन्हाळ्यात लोणचे भरून तिला दादरा बांधतात. जमिनीवर सरकून सरकून तिची कड गुळगुळीत झाली आहे. दोन्ही शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, “तुझी तर माझीपेक्षा धाकटी आहे गं.”

फोन केला तर आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “मॅडम, अँटिक म्हणजे अँटिक लूक.” मग १९१५ हे साल कशाचे लिहिले होते? यावर त्यांनी मला दहा मिनिटे गाणे ऐकवले आणि फोन कट झाला.

आता एक सरळ प्रश्न. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. बरणी खरोखर १९१५ ची असेल तर आपला परवाना दाखवा. नसेल तर पैसे परत करा. तिसरी वाट मला दिसत नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. नाही झाले तर १९१५ या हेल्पलाइनवर (आकडा योगायोगाने तोच आहे) आणि नंतर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथेच आता तक्रार करता येते, त्यासाठी आपल्या गावी येण्याची गरज नाही.

बरणी दिसायला देखणी आहे. ‘जुनी, वापरलेली’ एवढेच लिहून हजार-बाराशे मागितले असते तर मी आनंदाने दिले असते. वरचे दहा हजार आपण वयाचे लावलेत.

शिक्क्याचे, बिलाचे आणि जाहिरातीचे फोटो सोबत जोडले आहेत. बरणी पुसून, पेंढ्यात बांधून तयार ठेवली आहे, कुरिअरचा माणूस आपल्या खर्चाने पाठवावा. मळ मात्र परत देता येणार नाही.

आपली,
एक ग्राहक
शहापूर, बेळगाव