नायट्रेटचे पाणी आणि बगॅसचा कोळसा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाण्यातील नायट्रेटपासून विजेच्या साहाय्याने खतांचा कच्चा माल असलेला अमोनिया मिळवायचा आणि त्यासाठी लागणारा उत्प्रेरक (स्वतः न संपता क्रियेला वेग देणारा पदार्थ) वनस्पतीजन्य कार्बनपासून करायचा, यावर अनेक देशांतील प्रयोगशाळांत काम चालू आहे. उसाच्या सोलापूर जिल्ह्याने त्याकडे लांबून पाहत बसू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

उसाला सढळ हाताने युरिया टाकून पाटाने मोकाट पाणी दिले, की पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर भूजलात उतरते. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत येते, ते वेगळेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आणि अशा पाण्यात कालवलेले दूध पाजल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. गावोगावच्या आरओ यंत्रांतून ते बरेचसे निघते खरे, परंतु नष्ट होत नाही. यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते आणि ते पाणी गटारीतून पुन्हा जमिनीतच मुरते.

नव्या पद्धतीचे महत्त्व इथे आहे. बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा), तुराट्या किंवा माळावर माजलेल्या वेड्या बाभळीचे लाकूड हवा न लागू देता तापवले, की सच्छिद्र कोळसा मिळतो. त्यात नत्राचे आणि लोह, तांबे किंवा कोबाल्ट यांचे थोडे अणू बसवून त्याचा ऋणाग्र (पाण्यात बुडवलेले विजेचे ऋण टोक) केला, तर नायट्रेटचा एकेक रेणू आठ इलेक्ट्रॉन घेऊन अमोनियात बदलतो. कारखान्यात हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याच्या, 1913 पासून चालत आलेल्या हाबर-बॉश पद्धतीला 400 ते 500 अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो; ही क्रिया नेहमीच्या तापमानाला होते. अडचणीही लहान नाहीत. बरीचशी वीज पाण्यापासून हायड्रोजन करण्यात वाया जाऊ शकते, क्रिया अर्धवट राहिल्यास नायट्रेटहून घातक असे नायट्राइट उरते आणि आपल्याकडच्या जड पाण्यातील क्षारांचा थर ऋणाग्रावर चढतो.

तरीही कोणी यातून गावाला फुकट खत मिळेल असे सांगू लागल्यास साधा हिशेब करावा. लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या एक लाख लिटर पाण्यात नत्र असते सुमारे सव्वादोन किलो, म्हणजे जेमतेम पाच किलो युरियाइतके. खरी किंमत खताची नसून पाणी शुद्ध होण्याची आहे. म्हणूनच माझ्या मते पहिला प्रयोग थेट विहिरीवर न करता आरओ यंत्राच्या टाकाऊ पाण्यावर करावा. त्यात नायट्रेट दाट असते आणि क्षारांमुळे वीजही सहज वाहते. तयार झालेला अमोनिया गंधकाम्लात धरून ठेवला, तर अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे खत मिळेल. अमोनिया तसाच पाण्यात सोडल्यास मासे मरतील.

माझी विनंती अशी, की सोलापूरचे विद्यापीठ, इथली अभियांत्रिकी महाविद्यालये आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला सोबत घेऊन एका गावात ही चाचणी करावी. उत्प्रेरकाला कोळसा थोडाच लागतो, तेव्हा त्यासाठी शेतातले पाचट उचलू नये. ते जमिनीलाच हवे. दरम्यान, ज्यांच्या विहिरीत नायट्रेट आढळले आहे, त्यांनी पाण्यातून पिकाला मिळणारे नत्र हिशेबात धरून युरियाची मात्रा कमी करावी, त्याला कोणत्याही यंत्राची गरज नाही. चाचणी झाल्यावर नायट्राइट किती उरले आणि एक किलो अमोनियासाठी किती युनिट वीज लागली, हे दोन्ही आकडे मराठीत, त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जावेत.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर