हलक्या अणुकेंद्रकांचीही दखल घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला प्रोटॉनवरचा लेख वाचला. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रोटॉन हा बिंदू नाही, त्याला आकार आहे, हे दाखवलं आणि १९६१चं नोबेल मिळवलं, हा भाग छान उतरला आहे. मात्र प्रोटॉन मोकळा असो वा अणुकेंद्रकात, आतून तो सारखाच, असं लेखकाने धरून चाललं आहे. त्याला माझी हरकत आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद आहे तो याच मुद्द्यावर, आणि त्यातला फार बोलका पुरावा बेरिलियमसारख्या हलक्या केंद्रकांनी दिला आहे.

लेखकाला वाटलं तसं एके काळी शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. हेलियमच्या केंद्रकात बंधनऊर्जा, म्हणजे कणांना एकत्र बांधून ठेवणारी ऊर्जा, दर कणामागे (प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) सुमारे ७० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेत मोजलं तर ९३.८ कोटी. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही! एवढ्याशा बंधनाने प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या मूलकणांना काय फरक पडणार? पण १९८३ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत म्युऑनांच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या) माऱ्याने लोखंड आणि ड्युटेरियम (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) ताडून पाहिलं, तर लोखंडात क्वार्कांमधली संवेगाची वाटणी वेगळी निघाली. पुढे स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रॉनांनीही तेच सांगितलं.

कारण मात्र कळेना. लोखंड, सोनं अशा जड केंद्रकांकडे जावं तसं कणांची संख्या आणि सरासरी घनता दोन्ही वाढतात, मग फरक नेमका कशामुळे, हे वेगळं काढायचं कसं? इथेच हलकी केंद्रकं कामाला येतात. केंद्रकाची त्रिज्या वस्तुमानांकाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, हे आपण बारावीला शिकतो. हलकी केंद्रकं हा नियम धुडकावतात. दोन कणांच्या ड्युटेरियमची विद्युतभार-त्रिज्या (विद्युतभार किती पसरला आहे त्यावरून काढलेली त्रिज्या) सुमारे २.१ फेम्टोमीटर (मीटरचा एक हजार-लाख-कोटीवा भाग), तर चार कणांच्या हेलियमची फक्त १.७. नऊ कणांचं बेरिलियम बारा कणांच्या कार्बनपेक्षा किंचित मोठंच भरतं. त्याच्यात हेलियमसारखे दोन घट्ट पुंजके आणि एक सैल न्यूट्रॉन अशी रचना असते. त्यामुळे सरासरी घनता कमी, पण पुंजक्यांच्या आत दाटी.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेने हीच संधी साधली. तिथे केंद्रकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. किती ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आत गेला हे ठाऊक असतं. तो कोणत्या कोनात, किती ऊर्जा घेऊन बाहेर पडला हे चुंबकी वर्णपटमापकाने मोजतात. सरासरी घनतेवर सगळं ठरत असतं तर बेरिलियममधला परिणाम, म्हणजे क्वार्कांच्या वाटणीतला तो फरक, कार्बनपेक्षा बराच कमी दिसायला हवा होता. २००९ मध्ये निकाल आला: तो जवळपास कार्बनइतकाच! म्हणजे प्रोटॉनच्या लगत कोण, किती जवळ आहे, ते महत्त्वाचं. मला हा निकाल गेल्या काही दशकांतल्या सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो, आणि मराठीत त्याविषयी कुठे काही वाचल्याचं आठवत नाही.

पुढचा वाद अजून मिटलेला नाही. सगळेच प्रोटॉन थोडेथोडे बदलतात, की क्षणभर एकमेकांना अगदी खेटलेल्या जोड्यांतलेच खूप बदलतात? कार्बनमध्ये साधारण वीस टक्के कण अशा जोड्यांत असतात आणि बहुतेक जोड्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या, हे इलेक्ट्रॉनांच्या प्रयोगांतूनच कळलं. हेलियममधून प्रोटॉन उडवून केलेल्या मोजणीतही मोकळ्या प्रोटॉनपेक्षा फरक दिसला. पण बाहेर पडताना तो उरलेल्या कणांशी टक्कर घेतो, त्याचाही हा परिणाम असू शकतो, असं काही सिद्धांतकांचं म्हणणं आहे. तेव्हा प्रोटॉन बदलतोच, असं उलट टोकाचं विधानही छापू नये.

२०१८ मध्ये याच जेफरसन प्रयोगशाळेत ट्रिटियम (हायड्रोजनचा तीन कणांचा प्रकार) आणि हेलियम-३ यांच्यावर मारा झाला. एकात एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. दुसऱ्यात नेमकं उलट. दोघांची तुलना केली की केंद्रकाचा परिणाम बराचसा वजा होतो आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनमधला फरक हाती लागतो. ट्रिटियम किरणोत्सारी, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणून तो वायू ॲल्युमिनियमच्या कुपीत बंद करून वापरावा लागला.

माझी विनंती आहे की पुरवणीत या विषयावर एक स्वतंत्र लेख यावा. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटीमध्ये या क्षेत्राचे जाणकार आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून तो मराठीत लिहून घ्यावा. ड्युटेरियमपासून कार्बनपर्यंतच्या त्रिज्यांचा तक्ता सोबत छापलात तर बारावीच्या मुलांना तो वर्गात नेता येईल.

– भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा