खिडकीवरची मराठी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पायथनमध्ये एकदा लिहा; विंडोज, लिनक्स, मॅक, कुठेही चालवा’ असे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या क्लासच्या जाहिरातींत वाचते. इंग्रजीपुरते ते बरेचसे खरे आहे. मराठीचे माझ्याकडे काय झाले, ते कळवते.

मी शाळेचे ग्रंथालय सांभाळते. देवघेवीची वही बंद करावी म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पायथन आणि टीकेइंटर (पडद्यावर बटणे, रकाने असलेली खिडकी उभी करणारे साधन) घेऊन बसले. दाखल क्रमांक टाका, विद्यार्थ्याचे नाव निवडा, ‘दिले’ किंवा ‘परत’ दाबा, एवढाच प्रोग्रॅम. टीकेइंटर निवडले कारण विंडोजवर ते पायथनबरोबरच येते. त्याच्या पोटातले, प्रत्यक्ष खिडकी काढणारे टीके जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल या स्क्रिप्ट भाषेसाठी तयार केले होते (टीसीएलचा उच्चार ‘टिकल’, म्हणजे चक्क गुदगुल्या!). तीस वर्षांहून जुने आहे, पण चार-पाच ओळींत खिडकी उभी राहते. घरच्या लॅपटॉपवर सगळे झकास दिसले.

शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. तिथे आधी टीकेइंटरच सापडेना. ते वेगळे बसवावे लागते. बसवले, खिडकी उघडली, तर ‘विद्यार्थी’ हा शब्द ओळखू येईना. पहिली वेलांटी ‘व’ला सोडून ‘द’च्या डोक्यावर, ‘द’चा पाय मोडलेला, आणि रफार खाली उतरून सुटा ‘र’ झालेला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, हे कानडी आहे का?”

फॉन्ट बदलून पाहिले, काही फरक नाही. दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) आधी ‘व’ आणि मग वेलांटी साठवलेली असते. दाखवताना तिला डावीकडे नेणे, जोडाक्षरे जुळवणे हे वेगळे काम आहे. विंडोजवर ते विंडोजच करते. लिनक्सवर माझे 8.6 आवृत्तीचे टीके एकापुढे एक अक्षरे नुसती मांडत होते. क्यूटी हे खिडक्या बनवायचे दुसरे साधन मात्र हे काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) करून घेते. म्हणून क्यूटी पायथनमधून वापरू देणारे पायसाइड घेतले, दोन रविवार घालवून खिडक्या नव्याने लिहिल्या. नोंदी साठवणारा एसक्यूलाइट या डेटाबेसचा भाग तसाच राहिला. पायसाइड काही शे एमबींचे आहे, शाळेचे इंटरनेट रडतखडत चालते, त्यामुळे ते पेनड्राइव्हवर न्यावे लागले. पण ‘विद्यार्थी’ आता दोन्हीकडे विद्यार्थीच दिसतो.

टीकेइंटर टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. आकड्यांच्या हिशेबासाठी मी आजही तेच वापरते. राग आहे तो शिकवण्याच्या पद्धतीवर. मी पाहिलेल्या प्रत्येक धड्यात पहिल्या खिडकीवर ‘हॅलो वर्ल्ड’ असते, त्यामुळे मराठी मोडते हे मुलांना कळणार तरी कधी? पायथन शिकवणाऱ्यांना विनंती, की पहिल्याच तासाला ‘विद्यार्थी’, ‘किल्ली’, ‘अर्ज’ असे शब्द लिहायला लावा आणि ती खिडकी एकदा लिनक्सवर उघडून दाखवा.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल, फलटण