शनिवारी नवा एसी येतो आहे

बोरिवली,
मंगळवार, रात्री साडेअकरा

तीर्थरूप आई-बाबांना चिमीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येत्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास नवा एसी घरी येईल आणि तो बसवणारी दोन माणसे त्याच्याबरोबर येतील. पैसे भरून झाले आहेत. हे वाक्य गोड बोलून झाल्यावर शेवटी लिहावे असे मनात होते, पण बाबा कुठलेही पत्र शेवटाकडून वाचायला घेतात हे आठवले आणि लपवण्यात अर्थ राहिला नाही. फोनवर सांगितले असते तर बाबांनी पाऊस केरळात पोचला का, असे विचारून विषय बदलला असता आणि आईने ‘तुझ्या बाबांशी बोल’ म्हणत फोन त्यांच्या हाती दिला असता. नाशिकच्या आत्याच्या वेळी आपले असेच झाले होते. तुम्हाला न विचारता ठरवले याची टोचणी मला आहे, तरी ठरवलेले मी बदलणार नाही.

गेल्या रविवारी चादर काढायला कपाट उघडले, तेव्हा एसीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सेल काढलेला आणि वरून रबर लावलेला असा सापडला. तुम्ही दोघे तेव्हा पंख्याखाली बसून मला ‘आज जरा बरे आहे’ असे सांगत होता. बेस्टचे बिल मीच भरते. एप्रिलचे युनिट जानेवारीपेक्षा फारसे वाढलेले नव्हते, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते, पण बिल कमी आले याचेच बरे वाटून मी पुढच्या कामाला लागले. आणि गुरुवारी दुपारी आई ओट्यापाशी घेरी येऊन खाली बसली, हे मला तीन दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळले. बोरिवलीहून माहीम लोकलने पाऊण तासाच्या अंतरावर आहे, परदेशात नाही.

आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवून अंगातले पाणी कमी करणारी आहे. वय वाढले की तहान कमी लागते आणि घामही पूर्वीसारखा येत नाही, त्यामुळे अंग तापलेले असूनही आपल्याला तसे वाटत नाही. ‘मला काही उकडत नाही’ हे तू खोटे बोलत नाहीस, पण म्हणूनच मला त्यावर विसंबता येत नाही. गोळीचे डॉक्टरांना विचारून घे, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

आता जुना एसी दुरुस्त का करून घेतला नाही, हा बाबांचा प्रश्न. त्याच्या बाजूला तुम्ही चिकटवलेला तारखांचा कागद मी नीट वाचला. तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात ओळीने तीन वर्षे, दर मार्चमध्ये, ‘गॅस भरला’ असे लिहिलेले आहे. बाबा, एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या नळ्यांतून बंद वाटेने फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, द्रवाचा वायू होताना खोलीतली उष्णता शोषून घेतो, बाहेरच्या यंत्रात दाबाखाली पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो, आणि यंत्र निकामी होईपर्यंत तो जवळपास तेवढाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ नळीला कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता तीन वेळा गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता चाकात हवा भरून पैसे घेणे होय. त्या माणसाने तुम्हाला हे सांगितले नाही, यात तुमचा दोष नाही. उलट तारखा लिहून ठेवल्यात म्हणून तर हे उघडकीला आले.

भोक का पडले, त्याचे उत्तर आईच्या देवघरात आहे. गिरगावात चांदीची निरांजने दिवाळीला एकदा घासली की पुरत, आणि माहीमला आल्यापासून ती पंधरा दिवसांत काळी पडतात, म्हणून तू इतकी वर्षे दंतमंजनाला दोष देते आहेस. दोष खाडीकडून येणाऱ्या हवेचा आहे. ओहोटीच्या वेळी सडक्या अंड्यासारखा जो वास घरात शिरतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदी काळी करणारा हाच वायू तांब्यालाही खातो, आणि त्याला समुद्राच्या खाऱ्या हवेची साथ मिळते. कॉइलला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे पडतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. नवी कॉइल घालता आली असती, परंतु जुन्या यंत्रात आर-२२ हा गॅस आहे, आणि ओझोनच्या थराला तो मारक असल्याने माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद होत चालला आहे. अशा बारा वर्षांच्या यंत्रावर एवढा खर्च करणे मला पटले नाही. तो माझ्या पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे म्हणून तुम्हाला टाकवत नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही फारसे सोपे गेले नाही.

एसीतून पलंगावर पाणी गळते, त्याचा गॅसशी थोडा संबंध आहे, पण सगळा नाही. गॅस कमी पडला किंवा जाळी धुळीने बुजली की कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून भिंतीवर ओघळतो, हे खरे. मात्र रविवारी मी गॅलरीत जाऊन पाहिले, तेव्हा पाण्याच्या नळीचे टोक भरलेल्या बादलीत बुडालेले होते. फरशी पुसायला पाणी साठवायची ही युक्ती बाबांची, हे सांगायला नकोच! टोक पाण्याखाली गेले की नळीत हवा अडकते, उतारावरचे पाणी पुढे सरकत नाही आणि माघारी फिरून पलंगावर टपकते. आईने त्याखाली पितळेचे पातेले ठेवले, बाबांनी गॅस भरून घेतला, आणि उपाय होता बादली चार बोटे खाली सरकवण्याचा. मी ती विटेवरून उतरवून ठेवली आहे, नळी आता वरच लोंबते. ते पाणी फरशीला खुशाल वापरा. तुळशीला घालू नका, कारण ते धुळीने भरलेल्या कॉइलवरून आलेले असते.

बाबा, ‘एसी ही चैन आहे’ हे तुमचे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, म्हणून एक गोष्ट तुमच्यासाठी शोधून ठेवली आहे. जुलै महिन्यात तुमच्या छापखान्यात कागद हवेतले पाणी पिऊन पसरायचा, चार रंगांचे रजिस्टर, म्हणजे एकावर एक नेमके बसणे, जुळायचे नाही आणि कॅलेंडरवरच्या गणपतीचा पिवळा पितांबर सोंडेवर चढायचा. अशा दिवशी तुम्ही घरी येऊन जेवायचासुद्धा नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याला १९०२ साली नेमकी हीच अडचण होती, आणि ती सोडवण्यासाठी विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणारे यंत्र आखले. आजच्या एसीची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे ते यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, कागदासाठी जन्माला आले. चाळीस वर्षे कागदाची काळजी वाहिलेल्या माणसाला मे महिन्यात कागदाइतका तरी मान मिळावा, असे मला वाटते.

मला कांजिण्या आल्या होत्या तो मे आठवतो का? तुम्ही छापखान्यातून आणलेल्या पुठ्ठ्याने रात्रभर वारा घालत होता. त्या पुठ्ठ्याला शाईचा वास यायचा, आणि हात थांबला की मी झोपेतच ‘बाबा, वारा’ म्हणायचे; आई उठून ‘आता मी घालते’ म्हणायची, तरी तुम्ही पुठ्ठा सोडत नव्हता. तेव्हा मीही तुम्हाला विचारून ठरवले नव्हते, नुसते मागितले होते.

बिलाची धास्ती मात्र मनातून काढा. तुमच्या खोलीला एक टनाचा पुरतो, म्हणून दीड टनाचा घेतला नाही; खोलीच्या मानाने मोठे यंत्र हवा झटकन गार करून थांबते आणि ओलावा तसाच राहतो, आणि मुंबईत खरा त्रास ओलाव्याचाच आहे. नवा एसी इन्व्हर्टरचा आहे. पूर्ण जोरात तो तासाला साधारण एक युनिट घेईल, पण खोली गार झाल्यावर त्याचा कॉम्प्रेसर मंदावतो आणि वीज पुष्कळ कमी लागते. स्टार असलेले खोलीचे एसी १ जानेवारी २०२० पासून चालू करताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम आहे. तुम्ही तो २६ वर न्या आणि पंखा दोनवर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था सांगते. बाबांच्या गुडघ्यावर झोत येऊ नये म्हणून पट्ट्या छताकडे वळवा. गार हवा जड असल्याने आपोआप खाली उतरते. दुपारी एक ते चार आणि रात्री निजल्यापासून पहाटेपर्यंत तो चाललाच पाहिजे, मी घरी आले आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

रिमोटचे नीट ऐका. आई, चालू-बंद करण्याच्या बटणावर तुझी लाल टिकली चिकटव, म्हणजे अंधारात चष्मा शोधावा लागणार नाही. पडद्यावर बर्फाच्या फुलाचे चिन्ह असेल तरच गार हवा येते; नुसता पंखा दिसला तर वारा येईल, गारवा येणार नाही, आणि जुन्याच्या वेळी दोनदा एवढ्यासाठीच माणूस बोलावला गेला होता. जुलैत थेंबाचे चिन्ह लावा, ते ओलावा ओढते. बंद केल्यावर लगेच पुन्हा चालू केला तर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटे सुरू होत नाही, कारण नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. हा बिघाड नव्हे, तेव्हा बाबांनी त्या वेळात भिंतीवरचे बटण खटाखट दाबू नये. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा खटका, एकदा पडला तर उचलून पाहावा. पुन्हा पडला तर उचलायचा नाही. तो आपल्याला काहीतरी सांगत असतो, म्हणून आपल्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचे. जळका वास आला तर तेवढीही वाट पाहायची नाही, मेन बंद करायचा.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. साध्या पाण्याखाली, मऊ ब्रशने, आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवायची. ऊन लागले तर ती वाकडी होते. हे काम बाबा करणार नाहीत. मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीत झाले आहे आणि ती तिपाई डुगडुगते, हे मी पुन्हा सांगणार नाही. काकूंचा नातू एक आड एक शनिवारी येऊन जाळी काढून देईल, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. त्याला खाऊ द्या, पैसे नकोत. धुणे तुम्ही करा, चढणे तो करील.

बाहेरचे यंत्र या वेळी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर न ठेवता गॅलरीत बसवायला सांगितले आहे, म्हणजे चौथ्या मजल्यावरून कुणाला लोंबकळावे लागणार नाही. त्याच्यासमोर कपड्यांचा स्टँड ठेवू नका, गरम हवेला बाहेर पडायला वाट हवी. आणि आई, कबुतरांचे काय ते तू ठरव, पण तिथे दाणे नकोत. गेल्या वर्षी पिल्ले उडेपर्यंत तू सर्व्हिसिंग दोन महिने अडवून धरलेस, तेव्हा पिसे आणि काड्या पत्र्यांच्या फटींत अडकून पंखा गुदमरला होता. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण पिल्ले मलाही पाहायची होती.

शनिवारी फक्त एवढे बघा. नळ्या जोडल्यावर ती माणसे पंप लावून आतली हवा आणि ओलावा ओढून काढतील, त्याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. ‘चहा नको, आम्हाला घाई आहे’ असे म्हणून ते पाच मिनिटांत गॅस सोडायला लागले तर बाबांनी त्यांना आपल्या छापखान्याच्या आवाजात थांबवावे आणि मला फोन लावावा. नव्यात आर-३२ गॅस आहे. तो किंचित ज्वलनशील असल्याने पुढे कधी कुणालाही रस्त्यावरून पकडून गॅस भरायला सांगू नका. आईने मात्र घाबरू नये, तो बंद नळ्यांत असतो आणि देवघर स्वयंपाकघरात आहे, निरांजन नेहमीसारखे लाव.

जुना एसी तेच लोक घेऊन जातील, त्याचे मिळतील ते पैसे आईने ठेवावेत आणि पितळेचे पातेले पलंगाखालून उचलावे. त्याआधी बाबांनी यंत्राच्या बाजूचा तारखांचा कागद ओल्या फडक्याने भिजवून, न फाडता सोडवून घ्यावा. खाली अजून आठ-नऊ ओळी रिकाम्या आहेत. तोच नव्याला लावू आणि पहिली तारीख शनिवारचीच लिहा.

तुमची,
चिमी