आमची हजेरी कुठे लागते?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : जाहिरात, कॅटलॉग आणि रॅम्पवर काम करणाऱ्या मॉडेल्सची कामगार म्हणून नोंद व्हावी याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

मी लालबागला चाळीत राहते. माझे वडील माथाडी कामगार होते. पाटण तालुक्यातून विशीत मुंबईला आले, आधी मस्जिद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला त्यांनी पाठीवर पोती वाहिली. मी मॉडेल आहे. गेली सहा वर्षं हेच काम करते आणि याच कामावर आमच्या घरातलं निम्मं भागतं.

दोन वर्षांपूर्वी सायनजवळच्या एका होर्डिंगवर माझा चेहरा लागला. चाळीतली पोरं धावत सांगायला आली. आई आणि आप्पा दोघंही बघायला गेले. आईने फोटो काढून गावाला पाठवला. आप्पा मात्र खाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, याची हजेरी कुठे लागली?"

मला उत्तर देता आलं नाही. ते होर्डिंग लागणार हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर बोलणं झालं होतं ते फक्त मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातीचं, तेही एका वर्षासाठी. वर्ष कधीच उलटून गेलं होतं. दाद मागायला हातात कागद नव्हता, आणि ज्या कोऑर्डिनेटरने, म्हणजे मधल्या माणसाने, काम दिलं होतं त्याने फोन उचलणं बंद केलं. आप्पांचा तो प्रश्न घेऊन मी हे पत्र लिहिते आहे.

सुरुवातीपासून सांगते, कारण नव्या मुलामुलींचं सगळ्यात मोठं नुकसान सुरुवातीलाच होतं. मी एकोणीस वर्षांची होते, परळला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. इन्स्टाग्रामवर मेसेज आला, "तुमचा चेहरा कमर्शियलसाठी चांगला आहे." अंधेरीत ऑफिस होतं, भिंतीवर मोठमोठे फोटो, बोलणारी बाई गोड. पोर्टफोलिओचे पस्तीस हजार सांगितले. आईची भिशी नुकतीच लागली होती, ती जशीच्या तशी तिथे गेली. जड मेकअप, भाड्याचा गाऊन आणि पंख्याने उडवलेले केस अशा पंधरा फोटोंचा अल्बम हातात आला. पहिल्याच ऑडिशनला तो उघडला तर समोरचा मुलगा म्हणाला, "हे नको, मेकअप पुसून या भिंतीपाशी उभ्या राहा." दोन महिन्यांनी त्या ऑफिसला कुलूप होतं. पोलीस ठाण्यात गेलो तर विचारणा झाली, की तुम्ही पैसे दिले, त्यांनी फोटो दिले, मग फसवणूक कुठे झाली? आई काही न बोलता उठली. ती भिशी तिने चार वर्षं भरली होती.

साहेब, कुणीतरी वेळेवर चार गोष्टी सांगितल्या असत्या तर ते पैसे वाचले असते. सुरुवातीला महागडा पोर्टफोलिओ लागतच नाही. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, साधा टी-शर्ट आणि जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि डोक्यापासून पायापर्यंत असे फोटो मैत्रीण मोबाइलवर काढते. आमच्याकडे त्यांना पोलरॉइड म्हणतात आणि काम देणारे आधी तेच मागतात. खरी एजन्सी तुमच्याकडून पैसे घेत नाही, तुम्ही कमावलेल्या पैशातून तिचा हिस्सा घेते. रॅम्पला उंची लागते, मुलींना साधारण पाच फूट आठ इंच आणि मुलांना सहा फुटांच्या आसपास. माझी उंची पाच फूट चार. मला रॅम्प मिळणार नाही. पण तेल, मसाला, बँक, मोबाइलचं सिम विकायला शेजारच्या घरातली वाटेल अशी मुलगी लागते आणि ती मी आहे. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. कामगार विभागाने हे सगळं चार पानांच्या मराठी पुस्तिकेत छापून प्रत्येक महाविद्यालयात पाठवलं तर किती घरांतल्या भिशा वाचतील!

पस्तीस हजार घेणाऱ्या त्या ऑफिसला इतक्या सहज दार कसं उघडता आलं, हेही बघा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आधी दहापेक्षा आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. किराणा दुकानदाराला त्रास होऊ नये म्हणून ती सवलत आहे आणि ती योग्यच आहे. पण दोन टेबलं आणि एक कॅमेरा मांडून मुलींना काम देण्याचं आश्वासन विकणाऱ्यालाही तीच सवलत मिळते. काम मिळवून देतो असं सांगून उमेदवाराकडून आगाऊ पैसे घ्यायला बंदी करा. अशा प्रत्येक एजन्सीचं आणि कोऑर्डिनेटरचं नाव तुमच्या विभागाच्या यादीत असू द्या, म्हणजे लालबागची किंवा लातूरची आई पैसे देण्याआधी ती यादी बघू शकेल.

आमच्या ऑडिशन होतात त्या वर्सोव्याच्या आराम नगरात कधी दुपारी चक्कर मारली आहे का तुम्ही? बैठी घरं, अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक दारापाशी रांग. मेट्रोने वर्सोव्याला उतरायचं, रिक्षाचे पैसे वाचवत चालत जायचं, घाम टिपून ओढणी नीट करायची. बरेचदा दारातच "नॉट फिट" ऐकू येतं. आत गेलो तर इंट्रो : नाव, वय, उंची, लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल, हात दाखवा. मग दोन ओळी म्हणायच्या. या नकारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुणाला कुठला चेहरा हवा हे सरकारने ठरवावं असं मी कधीच म्हणणार नाही, आणि मराठी म्हणून मला जागा राखून ठेवा असंही म्हणत नाही. आपली मराठी मॉडेल मधू सप्रे १९९२ साली मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली ती स्वतःच्या बळावर.

तक्रार आहे ती निवड झाल्यानंतरची.

निवड झाली की फोन येतो, "बजेट इतकं आहे, डेट ब्लॉक कर." बजेट म्हणजे माझी मजुरी. त्यातला पाचवा हिस्सा कोऑर्डिनेटरचा, काही जण चौथा घेतात. चित्र किती दिवस वापरणार, कुठे वापरणार, दुसऱ्या राज्यात लावणार का, हे सगळं तोंडी. शूट सकाळी सातला सुरू होतं आणि संपायची वेळ कुणी सांगत नाही. ऑनलाइन विक्रीच्या कॅटलॉगला मी एका दिवसात सत्तर कपडे बदलले आहेत, साकीनाक्याच्या एका गाळ्यात, दोन स्टँडना अडकवलेल्या चादरीच्या आडोशाला. पैसे नव्वद दिवसांनी येतील असं सांगतात. माझे एकदा आठ महिन्यांनी आले, एकदा आलेच नाहीत. जे येतात त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला असतो आणि तो माझ्या पॅनवर दिसतो. म्हणजे मी काम केलं हे आयकर खात्याला माहीत असतं. कामगार खात्याच्या एकाही कागदावर मी नाही.

आता आप्पांचं सांगते. त्यांनाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या त्या व्यापाऱ्याची. "याचा मालकच ठरलेला नाही, मग याला हक्क कसले?" हेच त्या काळी हमालांबद्दल म्हटलं जायचं. अण्णासाहेब पाटलांनी ती माणसं एकत्र केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. माथाडी मंडळात कामगाराचीही नोंद आणि मालकाचीही. मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक जादा हिस्सा, भरायची, आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, सगळं त्यातून. मालक रोज बदलला तरी हजेरी एकाच ठिकाणी. गावाकडून आलेल्या, सही करायलाही अडखळणाऱ्या माझ्या वडिलांना म्हातारपणी हातात पैसे मिळाले ते या कायद्यामुळे. माझं कॉलेजही त्याच पैशावर झालं.

आमचं काम हुबेहूब तसंच आहे. रोज वेगळा मालक, मध्ये मुकादमासारखा कोऑर्डिनेटर, मजुरी तोंडी. पोत्यांचं ओझं आणि चेहऱ्याचं काम सारखं नाही, हे मला कळतं. आप्पांचे गुडघे मी रोज बघते. पण हिशेब बुडण्याची रीत एकच आहे, आणि तिच्यावरचा उपाय या राज्याने स्वतः शोधलेला आहे. तो आणायला परदेशात जायची गरज नाही.

केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दृकश्राव्य कामगार अशी व्याख्या आहे आणि दृकश्राव्य निर्मितीत जाहिरातही धरलेली आहे. लेखी करार केल्याशिवाय आणि तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवल्याशिवाय अशा कामगाराला कामावर घेता येणार नाही, असं तिच्या ६६ व्या कलमात म्हटलं आहे. १९८१ चा जुना सिने कामगार कायदा कथापटांपुरता होता, जाहिरातीतला माणूस त्यात कुठेच नव्हता. म्हणून हे वाचून मला खरंच रडू आलं. पण आराम नगरच्या गल्लीत हे कलम अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. करार नोंदवून घेणारा अधिकारी वांद्र्याला किंवा अंधेरीला प्रत्यक्ष बसवा. कराराचा नमुना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत काढा. त्यात मजुरी, तास, कपडे बदलायची बंद खोली, चित्र वापरायची मुदत आणि जागा, आणि पैसे द्यायची तारीख या ओळी असू द्या. आणखी एक ओळ हवी : माझ्या चेहऱ्यावर संगणकाने नवे कपडे चढवायचे असतील तर माझी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे. एकदा फोटो काढायचे आणि पुढचे शंभर कपडे तसेच चढवायचे, हे आता होऊ शकतं. असं झालं तर सत्तर कपडे बदलण्याचं कामही आमच्या हातून जाईल आणि चेहरा मात्र आमचाच राहील.

एक मोठी फट तरीही राहते. दृकश्राव्य म्हणजे हलतं चित्र. कॅटलॉगचा फोटो, होर्डिंग, रॅम्प यांचं काय? नव्या मुलीला पहिलं काम मिळतं ते फोटोचंच. त्यासाठी राज्याने माथाडीच्या धर्तीवर वेगळं मंडळ करावं, निदान तज्ज्ञांची समिती नेमून त्याचा मसुदा करावा. फॅशन वीक वांद्रे-कुर्ला संकुलात भरतो आणि तुमचं कामगार भवनही त्याच संकुलात आहे. रॅम्पवरून उतरलेली मुलगी चालत पोचेल इतकं जवळ.

लहान मुलांसाठी नियम झालेच आहेत ना? चित्रीकरणात बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती, आणि कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावे बँकेत. अठरा पूर्ण झाले की त्याच मुलीचे तास मोजणारं कुणी उरत नाही.

आता जे लिहायला जड जातं ते. रात्री नऊला "क्लायंट मीटिंग"साठी हॉटेलात बोलावणं, "कॉम्प्रमाइज" हा शब्द. माझ्याबरोबरच्या जवळजवळ प्रत्येक मुलीने तो ऐकला आहे. मी तो तीनदा ऐकला आणि तिन्ही कामं गेली. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात नोकरीत नसलेल्या बाईलाही तक्रार करता येते आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे मला एका वकील ताईंनी सांगितलं. उपनगराचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. तक्रारीची मुदत तीन महिने. ऑडिशन होतात त्या प्रत्येक दारावर या समितीचा पत्ता आणि फोन लावणं बंधनकारक करा. पाटीला खर्च काही शेकड्यांचा. रांगेत उभ्या असलेल्या मुलीला वाचायला भरपूर वेळ असतो.

आमच्या चाळीतल्या एका मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली. उंच आहे, कॅमेऱ्यासमोर बुजत नाही. तिलाही तसाच मेसेज आला आहे, ऑफिस अंधेरीतच, रक्कम आता पंचेचाळीस हजार. तिच्या आईने मला विचारलं, भरू का? मी नाही म्हटलं आणि रविवारी आमच्या गॅलरीत पांढऱ्या चादरीसमोर तिचे पोलरॉइड काढून दिले. काम मिळेल तिला. मिळाल्यावर लेखी करार माग, असं मी तिला सांगितलं आहे. तो नोंदवायला कुठे जायचं, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

या विषयावर आपण अर्धा तास द्यावा ही विनंती. माझ्यासोबत कॅटलॉगचं काम करणाऱ्या चौघी आणि एक मुलगा येईल. आप्पाही येतो म्हणाले. माथाडी मंडळाचं त्यांचं जुनं ओळखपत्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलं आहे, ते सोबत आणतील. दिवस आणि वेळ कळवावी. त्या दिवशी शूट असलं तरी मी येईन.

आपली विश्वासू,
लालबागची एक मॉडेल
मुंबई ४०० ०१२