आधी पट्टीचा कोड घे

प्रिय मित्रा,

काय भो, आडतीचं सॉफ्टवेअर आता सी भाषेऐवजी जावा भाषेत करायचं ठरलं हे वाचून खरंच आनंद झाला. क्लास (माहिती अन तिच्यावरचं काम एकत्र ठेवणारा साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून काढलेली एकेक वस्तू) सगळं पाठ झालं तरी कोड सी सारखाच होतोय म्हणतोस, तर त्यावरच लिहितो, जरा लांबेल.

इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास काढणं, सध्या बाजूला ठेव. तुझ्या जुन्या कोडमधे मालाचा प्रकार कुठे कुठे तपासतोस ते बघ. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, काढताना स्विच (प्रकार बघून वेगळी वाट धरणारा कोड), पावती छापताना स्विच, खात्यात टाकताना परत तोच. कापूस असला तर ओलाव्याची घट, मका असला तर बारदान वजा. उद्या शेठ म्हणाला सोयाबीन पण घ्यायचं की तू सगळ्या फाइली चाळत बसणार, अन त्यात एखादी केस राहिली तर पट्टीवर एक रक्कम आणि खात्यात दुसरी, मग समोर उभ्या शेतकऱ्याला काय सांगायचं?

त्यापेक्षा कापूस, मका असे क्लास कर, घट कशी धरायची ते ज्याचं त्याच्या आत. पट्टीच्या कोडने फक्त निव्वळ वजन विचारायचं, माल कोणता ते त्याला कळायची गरजच नाही. वजन प्रायव्हेट ठेव, म्हणजे बाहेरच्या कोडला हात लावता येणार नाही, पण लगेच सेटर, म्हणजे बाहेरून ते बदलायचं फंक्शन, लावू नको, नाहीतर ते कुणीही कुठूनही बदलावं असं ग्लोबल व्हेरिएबलच झालं. भरल्या गाडीचं अन रिकाम्या गाडीचं, दोन्ही वजनं काट्यावरून आली की मगच ऑब्जेक्ट बनव, नंतर कोणी हात लावायचा नाही.

पण सगळीकडे हेच बरं असं नाही हां. माल तोच आणि रिपोर्ट रोज नवा, असं असेल तर दरवेळी प्रत्येक क्लास उघडून मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) घालावी लागते, तिथे तुझं साधं फंक्शनच चांगलं. महिनाअखेरचे रिपोर्ट तसेच राहू दे.

आणि सी वाया गेलं असं मनात आणू नको. ऑस्लोत डाल आणि नायगार्ड यांनी सिम्युला ही क्लासवाली भाषा मुळात केली ती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या घडामोडींची संगणकावर नक्कल करायला, बयार्ने स्ट्रोस्ट्रुपने ती केंब्रिजला वापरली, कोडची मांडणी त्याला फार आवडली पण प्रोग्राम चालायचा हळू, म्हणून १९७९ मधे अमेरिकेतल्या बेल लॅब्जला त्याने सी मधेच क्लास घालायला घेतले, त्याचंच पुढे सी प्लस प्लस झालं. म्हणजे सी टाकून न देता त्याने त्यातच क्लास आणले.

पट्टीचा तेवढा कोड पाठव, रविवारी अमळनेरला येतोच आहे, बसून पहिला क्लास सोबत लिहू.

तुझाच,
धुळ्याहून