फसलेली क्लिप पाठवणाऱ्या ताईंना

ताई,

विजेचा लीडर दिसला! मुख्य झटक्याआधी त्याची वाट पाडत, ढगातून फांद्या फोडत उतरणारा, अगदी पुसट, सेकंदाला 1000 फ्रेमच्या वेगाला जेमतेम 20 फ्रेम. मग पडदा पांढरा, आणि 50 फ्रेमनंतर त्याच वाटेने दुसरा झटका.

लीडर माझ्या क्लिपमध्ये का येत नाही, असं तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांचं ठरलेलं उत्तर, याहून महागडा कॅमेरा घ्या. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "ट्रिगर कुठे ठेवलाय?" तो सुरुवातीला होता, म्हणजे बटण दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू. बोट हलायला पाव सेकंद लागतो. तोवर लीडर टेकून पहिला झटका होऊनही जातो. 4 सेकंदांची मेमरी सतत फिरती ठेवायची, त्यातले 3 बटणाआधीचे, 1 नंतरचा. एवढंच होतं हो.

पण खरं मोल तुमच्या त्या फसलेल्या क्लिपचं. फ्रेमभर उभ्या रेघा, कारण सेन्सर तापल्यावर झाकण लावून ब्लॅक कॅलिब्रेशन (सेन्सरला खरा काळा दाखवणं) पुन्हा केलेलं नाही. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवलेली, म्हणजे अनंताच्याही पलीकडे. दूरचा दिवा बघून लावायला हवी होती. खिडकीच्या काचेत खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब, लेन्सभोवती काळं कापड नाही. खाली तुमची ओळ: "या तिन्ही चुका माझ्या. पांढरी फ्रेम ही चूक नाही."

त्या ओळीने डोळे उघडले. फ्रेम पांढरी झाली की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बंद करत न्यायचं, 2.8 वरून 8 वर, आणि लीडर का दिसत नाही म्हणून हळहळायचं, असा माझा उद्योग चालला होता. लीडर इतका मंद आणि झटका इतका प्रखर, की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. लीडर हवा तर पांढरी फ्रेम सोसायची.

जमलेली क्लिप कुणीही मिरवतं. फसलेली, तीही सेटिंगसकट, अनोळखी माणसाला पाठवायला मन मोठं लागतं. जाणकार म्हणवणाऱ्यांत ते फार क्वचित दिसतं.

एक दुखणं उरलंय. क्लिप सेव्ह व्हायला काही मिनिटं जातात, आणि सगळ्यात देखणी वीज नेमकी तेव्हाच पडते. आता मेमरीचे 2 सेकंदांचे दोन भाग करून बघतेय, म्हणजे एक भरला तरी दुसरा मोकळा राहील. त्यातली पहिली फसलेली क्लिप तुम्हालाच पाठवेन, सेटिंगसकट.